धक्का एकदाच वटतो: जुन्या भयपटांच्या रिमेकबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 'सायको' तुम्ही मित्रांसोबत एका रात्रीत दोन्ही पाहिले, हिचकॉकचा १९६० चा आणि गस व्हॅन सँटचा १९९८ चा. शॉट तेच, संवाद तेच, व्हायोलिनही तीच. तरी दुसऱ्या वेळी कुणी दचकलं नाही, उलट दोन-तीन जण हसले. मग गाजलेल्या भयपटाचा रिमेक मुळात जमू शकतो का? आणि 'रिंगू' या जपानी भयपटाची कल्पना (एक शापित कॅसेट, जो पाहील तो मरतो) घेऊन, कॅसेटऐवजी व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ दाखवून, मुंबईतल्या चाळीत घडणारी वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म तुम्हाला करायची आहे, ती करावी की नाही?

मी अंधेरीत बसून सिनेमांच्या साउंडचं काम करते. हिंदी, मराठी, वेब सिरीज, जे येईल ते. त्यामुळे उत्तरही बरंचसं कानानेच देणार, हे आधी सांगून ठेवते.

रिमेक जमतो. भयपटात तर मला वाटतं प्रेमकथेपेक्षा किंवा विनोदीपेक्षा जास्त वेळा जमलाय. फक्त तुम्ही जो पाहिलात तो न जमणाऱ्यांचा आदर्श नमुना आहे. भयपटात दोन गोष्टी एकत्र येतात: धक्का, आणि त्या धक्क्याच्या मागे असलेली धास्ती. धक्का म्हणजे चेकसारखा, एकदाच वटतो. मोटेलच्या बाथरूममध्ये काय होणार हे आज सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही माहीत असतं. १९६० साली हिचकॉकने सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका अशी अटच थिएटरवाल्यांना घातली होती, कारण जॅनेट ली ही पोस्टरवरची मोठी नटी पाऊण तासाच्या आसपास मरते आणि प्रेक्षकाच्या हातात धरायला कुणी उरत नाही. नटी मेली, आता सिनेमा कुणाचा? हे न कळणं, हीच त्या सिनेमाची खरी खुबी. ते न कळणं १९९८ मध्ये परत आणायचं तर शॉट सोडून बाकी सगळं बदलावं लागलं असतं. व्हॅन सँटने बरोबर उलटं केलं. जोसेफ स्टेफानोची तीच पटकथा घेतली, नायिका जी रक्कम चोरून पळते ती ४० हजार डॉलरची ४ लाख केली, रंगीत फिल्म घातली आणि हिचकॉकला तेव्हा न जमलेला, हेलिकॉप्टरमधून थेट हॉटेलच्या खिडकीत शिरणारा सुरुवातीचा शॉट तंत्राच्या जोरावर घेऊन दाखवला. म्हणजे सुधारलं काय, तर ज्याची कुणी तक्रारच केली नव्हती ते.

आवाजाचं बघा. बर्नार्ड हरमनने मूळ सिनेमाला फक्त तंतुवाद्यं वापरली. हिचकॉकला तर शॉवरच्या, म्हणजे नटीच्या खुनाच्या सीनला संगीतच नको होतं, हरमनने ते करून ऐकवल्यावर त्याने मान्य केलं. काळा-पांढरा सिनेमा, मोनो साउंड, टीव्हीवरच्या मालिकेचं युनिट घेऊन जेमतेम ८ लाख डॉलरमध्ये केलेलं काम. त्या कोरड्या, अरुंद आवाजात ती व्हायोलिन कानात खिळ्यासारखी घुसतात. सुऱ्याच्या घावांसाठी खरबूज चिरल्याचा आवाज वापरला होता. आम्हीही अजून कलिंगड आणि कोबी फोडतोच, त्यात काही बदललेलं नाही. १९९८ मध्ये डॅनी एल्फमनने हरमनचंच संगीत नव्याने वाजवून घेतलं. वाजलंय छान, मोकळं, रुंद, भोवताली पसरलेलं. आणि तिथेच त्याची धार गेली. शिवाय मोटेल चालवणारा नॉर्मन भिंतीच्या भोकातून मुलीकडे बघतो त्या जागी नव्या सिनेमात तो काय करतोय ते आवाजाने स्पष्ट सांगून टाकलंय. जुन्यात ते आपल्या मनावर सोडलं होतं. प्रेक्षकाच्या डोक्यात जे आपोआप वाजत असतं ते स्पीकरमधून वाजवलं की त्याचं डोकं रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्याचा माणूस हसतो. तुमचे मित्र हसले त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता जमलेल्यांकडे या. जॉन कार्पेंटरचा १९८२ चा 'द थिंग' हा १९५१ च्या सिनेमाचा रिमेक. मूळ कथा १९३८ ची, जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची, आणि तिच्यातली मुख्य भीती अशी की तो परका जीव कुणाही माणसाची हुबेहूब नक्कल करतो. १९५१ च्या सिनेमाने नेमकं हेच गाळून एक उंच दांडगा राक्षस उभा केला होता. कार्पेंटरने जुन्या सिनेमाला बाजूला सारून कथेकडे परत जाऊन ती गाळलेली भीती उचलली: शेजारी बसलेला माणूस माणूस आहे का? एन्निओ मोरिकोनेचं संगीत बराच वेळ नुसतं ठोक्यासारखं चालतं, एकच स्वर, थांबून थांबून. प्रदर्शित झाला तेव्हा सपशेल पडला, समीक्षकांनी शिव्या घातल्या. आज लोक १९५१ चा विसरलेत. क्रोननबर्गच्या १९८६ च्या 'द फ्लाय'चंही तसंच. १९५८ च्या सिनेमात शास्त्रज्ञाला एका फटक्यात माशीचं डोकं येतं. क्रोननबर्गने ते हळूहळू केलं, नखं गळतात, कान गळतो, आणि प्रेयसी समोर बसून बघते. घरात दीर्घ आजारपण पाहिलेल्या कुणालाही ती भीती माशीची नाही हे लगेच कळतं. त्या मेकअपला ऑस्कर मिळालं, पण सिनेमा टिकला तो मेकअपमुळे नाही असं माझं मत.

पण परदेशी उदाहरणांपेक्षा आपल्याकडचं एक उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. 'मणिचित्रताळ'. १९९३ चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक फाझिल. गंगा नावाची शहरात वाढलेली सुशिक्षित बायको नवऱ्याच्या जुन्या वाड्यात राहायला येते, आणि तिच्यात नागवल्ली नावाची कधीकाळची नर्तकी प्रकटू लागते. नागवल्ली तमिळ. म्हणजे केरळमधल्या घरात, साध्या नवरा-बायकोच्या वादात, बायको अचानक तमिळ बोलायला लागते आणि पलंग एका हाताने उचलते. पलंग उचलणं हा धक्का झाला, तो कुणीही पुन्हा करेल. धास्ती मात्र त्या भाषेत आहे. रोज चहा देणारी बाई, तिच्या तोंडून तिला येत नसायला हवी अशी भाषा. शोभनाला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि यात आमच्या धंद्याची मोठी करामत आहे: गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी या डबिंग कलाकाराचा, नागवल्लीचा आवाज दुर्गा या तमिळ डबिंग कलाकाराचा. एकाच चेहऱ्यातून खरोखरच दोन बायका बोलतात. प्रेक्षकाला हे ठाऊक नसतं, पण कानाला काहीतरी खटकत राहतं.

मग याचे रिमेक झाले. २००५ मध्ये पी. वासूंनी तमिळमध्ये 'चंद्रमुखी' केला. तमिळ प्रेक्षकाला तमिळ बोलणारं भूत कसं परकं वाटणार? त्यांनी नर्तकीला तेलुगू केलं. प्रियदर्शनने २००७ मध्ये 'भूलभुलैया' केला तेव्हा नर्तकी मंजुलिका झाली, बंगाली. प्रियदर्शन मूळ मल्याळम सिनेमाच्या दुय्यम युनिटांपैकी एकाचे दिग्दर्शक होते, त्यांना यंत्र आतून माहीत होतं. पहिल्या तासातला विनोद मला जरा जास्तच वाटतो, पण विद्या बालन 'आमि जे तोमार'वर नाचायला लागते तेव्हा जी शिरशिरी येते ती अस्सल आहे. हाच माझ्या मते रिमेकचा सर्वात चांगला धडा: नागवल्ली उचलली नाही, नागवल्लीचं परकेपण उचललं, आणि ज्या घरात न्यायचं त्या घराला परकं काय हे नव्याने शोधलं. (मराठीत केला असता तर ती कानडी बोलली असती, असं मी सांगत असते. कोल्हापूर-सोलापूरकडचे मित्र लगेच म्हणतात, आम्हाला कानडीची कसली भीती, ती तर आजीची भाषा. बरोबर आहे, म्हणजे तिथे आणखी वेगळं काही शोधावं लागेल.) 'भूलभुलैया'च्या नावाने २०२२ मध्ये जो दुसरा आला त्यात खरोखरचं भूत आहे. मूळची सगळी गोम बाईच्या मनात होती, ती त्यात उरली नाही. चालला भरपूर. चालणं आणि जमणं मी वेगळं धरते.

मराठीतून हिंदीत गेलेलं उदाहरण म्हणजे 'लपाछपी'. विशाल फुरिया यांनीच २०१७ मध्ये मराठीत केला आणि त्यांनीच २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' म्हणून, थेट ओटीटीवर. गरोदर बाई, उसाच्या मधोमध एकटं घर, आपुलकीने वागणारी म्हातारी, आणि मुलगी नको असलेल्या घरांचा इतिहास. ही धास्ती कुठून आणावी लागत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. हिंदीत नेताना ही जागा बदलली तरी पोकळ होत नाही, कारण उत्तरेतही तेच वास्तव आहे. म्हणून 'छोरी' पडत नाही. तरी मला 'लपाछपी' जास्त झोंबतो, आणि त्याचं कारण म्हातारीच्या भूमिकेतल्या उषा नाईक. त्यांचा तो घरचा, जेवायला वाढतानाचा आवाज आपण सगळ्यांनी मावशी-आत्याकडे ऐकलेला आहे. त्याच आवाजात धमकी आली की पळायचं कुठे? मीता वशिष्ठ उत्तम नटी आहेत, पण त्यांची म्हातारी सुरुवातीपासून थोडी संशयास्पद ऐकू येते. आणि माझ्या कानाला 'छोरी'त पार्श्वसंगीत जास्त आहे.

हे जास्तीचं संगीत नुसतं दिग्दर्शकाच्या आवडीमुळे येत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबते. सिनेमागृहासाठी मिक्स करताना, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकी आवाज एकत्र बसवताना, आम्ही ८५ डेसिबलच्या ठरलेल्या पातळीवर काम करतो. खोली शांत, एसीही दबका. तिथे दहा सेकंदांची शांतता ठेवली तर ती खरंच शांतता असते, आणि तिच्यात उसाचं एक पान हललं तरी मान वळते. आता तोच सिनेमा कांदिवलीच्या वन बीएचकेत टीव्हीवर लावा. वर पंखा, खाली रिक्षा, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, वडील म्हणतात आवाज कमी कर. ती दहा सेकंदं पंख्याखाली मेली. निर्मात्याला हे माहीत असतं, म्हणून तो सांगतो, 'इथे काहीतरी टाक, रिकामं वाटतंय.' मग एक लांबलचक घुमारा टाकला जातो, जो सतत सांगत राहतो की घाबरा, घाबरा. जुने भयपट थिएटरसाठी केलेले होते, रिमेक बऱ्याचदा घरासाठी होतात, आणि शांततेची किंमत इथे बुडते. मोबाइलवर पाहणाऱ्याच्या कानात हेडफोन असेल तर उलट चांगलं. मी आता काही जागा हेडफोनवाल्याला धरूनच करते, टीव्हीवाल्याने माफ करावं.

दुसरी अडचण एडिट टेबलावरची. रिमेकचं संकलन चालू असताना तात्पुरतं संगीत म्हणून मूळ सिनेमाचाच ट्रॅक खाली लावतात. दोन महिने तेच ऐकून सगळ्यांच्या कानांना त्याची सवय होते, आणि मग संगीतकाराला सांगतात, 'असंच, पण वेगळं.' यातून फार कमी जण सुटतात. लुका ग्वादाग्निनोने २०१८ च्या 'सस्पिरिया'त सुटायचं ठरवलं. दारिओ अर्जेंतोचा १९७७ चा मूळ सिनेमा म्हणजे भडक लाल-निळा प्रकाश आणि गॉब्लिन बँडचं कुजबुजत किंचाळणारं संगीत, जे आधीच तयार करून सेटवर मोठ्याने वाजवलं जायचं. नट त्या आवाजात उभे असायचे. नव्या सिनेमात राखाडी बर्लिन, थॉम यॉर्कचं उदास, गाण्यांच्या अंगाने जाणारं संगीत, आणि अडीच तासांची लांबी. मला तो लांबलेला वाटतो, शेवटचा अर्धा तास तर स्वतःच्याच प्रेमात पडलेला. पण एका खोलीत नाच आणि दुसऱ्या खोलीत त्या नाचाने मोडणारं शरीर, हा प्रसंग मूळ सिनेमात नाही आणि तो विसरता येत नाही. अर्धा जमलेला रिमेकही असा असू शकतो.

रिमेकवाल्यांचा सर्वात आवडता रोग म्हणजे खुलासा. १९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये खुनी मायकेल मायर्स का मारतो हे कुणी सांगत नाही. कार्पेंटरने हा सिनेमा संगीत आणि इफेक्टशिवाय एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला होता, त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने स्वतः पाच मात्रांचं ते पियानोचं आवर्तन केलं, आणि सिनेमा उभा राहिला. चारची सवय असलेला कान पाचव्या मात्रेला अडखळतो, तेवढंच पुरतं. २००७ मध्ये रॉब झोंबीने त्याचा रिमेक केला आणि मायकेलचं बालपण, फुटकं घर, शाळेतली छळवणूक सगळं मांडलं. आता आपल्याला त्याची कीव येते. कीव आली की भीती जाते, दोघींना एका खोलीत ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. शेवट गोड करणं हा त्याचाच सख्खा भाऊ: डच दिग्दर्शक जॉर्ज स्लायझरने १९८८ च्या आपल्याच 'स्पूरलोस'चा १९९३ मध्ये अमेरिकेत रिमेक केला आणि मूळचा तो जीवघेणा शेवट बदलून नायकाला वाचवलं. दिग्दर्शक तोच, तरी सिनेमा गेला.

आपल्याकडे याच्या जोडीला मध्यंतर आहे. दीड तासाचा परदेशी भयपट हिंदीत आणताना बरोबर मध्यावर एक मोठा धक्का लावावा लागतो, नाहीतर लोक समोसा खाऊन परतत नाहीत अशी समजूत. धास्ती अर्ध्यात तोडून दिवे लावायचे आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायची. आम्ही मध्यंतरानंतरची पहिली पाच मिनिटं मुद्दाम हलकी मिक्स करतो, कारण निम्मे लोक अजून खुर्च्या शोधत असतात.

आणि 'झपाटलेला'? त्याला रिमेक म्हणता येणार नाही, पण बाहुल्यात गुन्हेगाराचा आत्मा शिरतो हे कथाबीज १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'चं आहे हे लपून राहिलेलं नाही. महेश कोठारेंनी १९९३ मध्ये ते लक्ष्मीकांत बेर्डेच्या हातात दिलं, रामदास पाध्येंचं शब्दभ्रमाचं कसब बाहुल्यात घातलं, आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू एका पिढीला अंधारात न्हाणीघराकडे जाऊ देईना. अमेरिकेत २०१९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले'चा अधिकृत रिमेक झाला, त्यात बाहुला म्हणजे बिघडलेलं स्मार्ट खेळणं. कल्पना काळाला धरून आहे, पण बिघडलेलं खेळणं दुकानात परत देता येतं. तात्या विंचूला कुठे परत देणार?

आता तुमच्या शॉर्ट फिल्मकडे. 'रिंगू' हिदेओ नाकाताचा, १९९८ चा. २००२ मध्ये गोर व्हर्बिन्स्कीने अमेरिकेत 'द रिंग' केला. तो जमलेला रिमेक आहे, जगभरात २५ कोटी डॉलरच्या आसपास कमावलेला, आणि मी तो मूळ सिनेमाच्या बरोबरीने ठेवते. पण तो जमला तेव्हा घरोघरी व्हीसीआर होते. २०१७ च्या 'रिंग्ज'मध्ये तोच व्हिडिओ कॉम्प्युटरवरून फिरवला आणि काही उरलं नाही. म्हणजे कॅसेटच्या जागी व्हॉट्सॲप ठेवणं हे काम झालं नाही, ती फक्त वस्तूंची अदलाबदल. टीव्हीतून बाहेर येणारी, तोंडावर केस सोडलेली मुलगी तर तुम्ही मुळीच घेऊ नका. तो धक्का संपला, आता त्याच्यावर रील्स निघतात.

'रिंगू'ची धास्ती शेवटच्या दोन मिनिटांत आहे. (न पाहिलेल्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा.) आपण का वाचलो हे नायिकेला कळतं: आपण कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली म्हणून. आता मुलाला वाचवायचं तर ती आणखी कुणाला तरी दाखवावी लागेल, आणि ती गाडी घेऊन निघते ती स्वतःच्या वडिलांकडे. भुतापेक्षा हे भयंकर आहे, आणि हे आपल्याकडे आयात करावं लागत नाही. तुमच्या आजीला विचारा, एके काळी संतोषी मातेच्या नावाने पोस्टकार्डं यायची, एवढ्या जणांना लिहा नाहीतर घरावर संकट येईल म्हणून. न मानणारी माणसंही रात्री बसून लिहायची. आज तेच सकाळी ग्रुपवर येतं, आणि 'आपण कशाला विषाची परीक्षा घ्या' म्हणत लोक पुढे ढकलतात.

चाळ घेतलीत हे आवाजाच्या दृष्टीने धाडसाचं आहे. राम गोपाल वर्माने २००३ च्या 'भूत'साठी उंच इमारतीतला फ्लॅट घेतला, गाणी काढून टाकली, आणि लिफ्ट, बेल, रिकामा पॅसेज यांवर काम केलं. चाळीत रिकामं काहीच नसतं. तिथे शांतता शोधू नका. नळाला पाणी आल्याची धावपळ, मालिकांची शीर्षकगीतं, गॅलरीतल्या चपला, हे सगळं ठेवा आणि शूटिंगच्या आधी एक रात्र तिथे जाऊन रेकॉर्ड करून आणा, लायब्ररीतले आवाज वापरू नका. मग त्यातला एकेक आवाज कमी करत जा. ज्या खोलीतून रोज रेडिओ ऐकू येतो तो एके दिवशी ऐकू आला नाही, तर व्हिडिओ कुठवर पोहोचला हे प्रेक्षकाला न सांगता कळेल. मोबाइलवर मेसेज येण्याचा तो छोटा आवाज मात्र संपूर्ण फिल्ममध्ये तीनदाच वापरा, तिसऱ्यांदा प्रेक्षकाच्या खिशातला फोन वाजल्यासारखा.

तेव्हा करा, जरूर करा. पण आधी एक पान लिहा: तुमच्या नायिकेच्या फोनमध्ये चाळीतल्या सगळ्यांची नावं आहेत, उधार देणारा, त्रास देणारा, लहानपणी सांभाळणारी, आणि तिने फॉरवर्डचं बटण दाबून यादी उघडली आहे. ती कुणाच्या नावावर थांबते, आणि कुणाचं नाव वाचून पुढे जाते. ते पान जमलं तर मला पाठवा, आवाजाचं आपण बसून बघू.